चाकावरची साक्ष

आमच्या फ्लिया गावात कुणाला साक्षीदार लागला की तो आधी माझ्याकडे येतो. मी फार सज्जन आहे म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात गोष्टी राहतात म्हणून. कुणाच्या लग्नात कोण जेवून गेला आणि कोण रुसून उपाशी गेला, देवाला डुक्कर कबूल करून कुणी कोंबड्यावर भागवलं, बापाच्या चितेपाशी कुणी कितीदा डोळे पुसले आणि त्यातल्या किती वेळा ते कोरडे होते, हे सगळं मला विचारावं. माझा धंदा मधमाश्यांचा. पोळ्यांपाशी वावरणाऱ्या माणसाला हळू हलायची आणि नीट बघायची सवय लागते.

खटल्यांमधली आव्हानं मी अशीच मोजत आलो होतो. दोन माणसांचा वाद पेटला की त्यातला एक चारचौघांना गोळा करून दुसऱ्याला म्हणतो, "माझा गुलाम घे, हातपाय ताणणाऱ्या चाकावर चढव आणि खरं काय ते त्याच्याच तोंडून ऐक." आमच्याकडे मुक्त माणूस शपथेवर बोलतो आणि गुलाम वेदनेत बोलतो. वेदनेशिवाय गुलामाने सांगितलेलं न्यायसभेत धरतच नाहीत, मग ते कितीही खरं असो. मी साक्षीला उभा राहून अशी अकरा आव्हानं ऐकली होती आणि अकराच्या अकरा नाकारली गेली होती. ती नाकारली जावीत म्हणूनच दिली जातात. पुढे न्यायसभेत आव्हान देणारा छाती काढून सांगतो की बघा, मी सत्य बाहेर काढायला तयार होतो, हाच घाबरला. तिकडे तो गुलाम घरी भांडी घासत असतो. आपल्या हाडांवर दोन मोठी माणसं बोलून गेली याचा त्याला पत्ताही नसतो.

बारावं आव्हान केफिसोदोरने स्ट्रातोनला दिलं.

हे दोघे चुलतभाऊ. स्ट्रातोनचे आईबाप एकाच उन्हाळ्यात तापाने गेले, तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याला काकाने, म्हणजे केफिसोदोरच्या बापाने, घरी आणलं. म्हाताऱ्याचं नाव नौसियास. दोन्ही पोरांना सिरा नावाच्या दासीने वाढवलं. तिला नौसियासने ऐन तरुणपणी बाजारातून आणलं होतं. कुठल्या गावची ते तिलाही धड सांगता येत नव्हतं. फक्त तिथली नदी आमच्या नदीपेक्षा मोठी होती, एवढं ती सांगायची. पोरं लहान असताना तिला 'दाई' म्हणायची. मिसरूड फुटल्यावर 'सिरा' म्हणू लागली. खटला उभा राहिल्यावर दोघांच्याही तोंडी ती 'ती म्हातारी दासी' झाली. हे तिन्ही टप्पे मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

भांडण टेकडीवरच्या द्राक्षमळ्याचं. नौसियास गेल्या हिवाळ्यात गेला. स्ट्रातोनचं म्हणणं, काकाने मळा मला द्यायचा शब्द दिला होता आणि मरतानाही तो तेच बोलला असणार. केफिसोदोरचं म्हणणं, बाप तसं काही बोललाच नाही. शेवटच्या घटकेला खोलीत सिरा एकटी होती, हे दोघांनाही मान्य होतं. तरी महिनोन्‌महिने वाद घालताना तिला विचारावं असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. ती त्यांना जेवायला वाढत होती.

मग केफिसोदोर शहरातल्या एका भाषणं लिहून देणाऱ्याकडे गेला आणि आव्हान पाठ करून आला. गावच्या चौकात त्याने ते म्हटलं, हातवाऱ्यांसकट. स्ट्रातोनने विचार करायला दोन दिवस मागितले.

दुसऱ्या दिवशी मी न्हाव्याकडे गेलो, तर स्ट्रातोन तिथे मान मागे टाकून बसला होता. न्हावी वस्तरा परजत म्हणाला, "काय रे, भावाने तर तुझी बोलतीच बंद केली म्हणे."

"बोलती कसली बंद," स्ट्रातोन म्हणाला. "नाही म्हणणार आहे मी. नाहीच म्हणतात सगळे."

"आणि मग तो न्यायसभेत म्हणणार, बघा घाबरला."

"म्हणू दे."

"गळा हलवू नकोस, नाहीतर खटला इथेच निकाली निघेल."

सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. मग मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, अकरा आव्हानं ऐकलीत मी. अकराही जणांना समोरच्याने नाही म्हणावं असंच वाटत होतं. एकाला कुणी हो म्हटलं असतं ना, तर त्याच्याच कमरेचं सुटलं असतं."

स्ट्रातोनने डोळे उघडले. "म्हणजे मी हो म्हणू?"

"मी असं कुठे म्हटलं? मी फक्त मोजून सांगितलं."

"पण तो मागे हटेल."

"हटायला तर हवा. ज्या बाईच्या मांडीवर मोठा झाला तिला चाकावर कोण घालेल?"

मी हे थट्टेत बोललो. पण थट्टेत बोललो म्हणून ते माझ्या खात्यातून वजा होत नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात स्ट्रातोन उभा राहिला आणि म्हणाला, "मला मान्य आहे." केफिसोदोरचा चेहरा मी बघितला. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा. त्याने हसायचा प्रयत्न केला. चौकात चाळीसएक माणसं होती आणि सगळी त्याच्याकडे बघत होती. त्यातल्या एकानेही घसा खाकरला असता तरी कदाचित तो बोलला असता की जाऊ दे, घरातलं भांडण आहे. कुणी खाकरलं नाही. मीही नाही.

"ठीक," केफिसोदोर म्हणाला. "परवा. शहरात, हेफायस्टोसच्या देवळामागे."

प्रश्न विचारायला आणि उत्तरं लिहून घ्यायला दोघांना चालेल असा एक माणूस हवा होता. दोघांनीही माझंच नाव घेतलं.

त्या संध्याकाळी आधी केफिसोदोर माझ्याकडे आला. बसला नाही. पोळ्यांच्या मडक्यांमधून येरझाऱ्या घालत राहिला.

"थियोफॉनकाका, तुम्ही त्याला जरा समजवा ना. त्याने हो म्हणायची काय गरज होती?"

"तू विचारलंस म्हणून."

"असं कुणी खरंच विचारतं का?"

"मग तूच सांग चौकात, की मी खरं विचारलं नव्हतं."

"आणि सगळं गाव मला हसणार. न्यायसभेत तो म्हणणार, स्वतः आव्हान दिलं आणि स्वतःच पळाला." तो थांबला. "म्हातारी आहे हो ती. साठी उलटलीय तिची."

"हे त्याला सांग."

"मी का सांगू? त्याने सांगावं."

तो गेल्यावर घटकाभराने स्ट्रातोन आला. त्याने तर दारातूनच विचारलं, "काका, मागे घेतोय ना तो?"

"तू घे."

"वा. म्हणजे मळा गेला आणि अब्रूही गेली." मग हळूच म्हणाला, "मला गोवर आला होता तेव्हा नऊ रात्री ती बसून होती माझ्याजवळ. तो विसरला असेल, मी नाही विसरलेलो."

"मग नाही म्हण."

"त्याने आधी म्हणावं."

दोघांच्या घरांमध्ये एक अंजिराचं झाड आणि एक कुंपण, एवढंच अंतर. मी दोघांचे निरोप दोघांना पोचवले, जसेच्या तसे. दोघांनी ऐकून घेतले आणि दोघेही म्हणाले, मग त्याने आधी म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिराला भेटायला गेलो. ती अंगणात जात्यावर जव दळत होती. मला बघून उठली नाही. गुडघ्यांमुळे तिला तेवढी सूट होती.

"उद्या मला शहरात नेणार म्हणे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"विहिरीवर सगळ्यांना माहीत होतं. मलाच शेवटी कळलं. पायात घालायला काहीतरी द्यायला सांगा, धनी. वाट खडीची आहे."

"गाडीतून नेतील तुला."

"गाडीतून?" तिने जातं थांबवलं. "मी कधी गाडीत बसले नाही."

मी म्हटलं, "सिरा, म्हातारा काय बोलला ते मला सांगून टाक. मी दोघांना सांगून बघतो. कदाचित एवढ्यावरच मिटेल."

"तुम्हाला सांगितलेलं धरतात?"

"नाही."

"मग?"

तरी तिने सांगितलं. "मळ्याचं काही बोलले नाहीत. शिरका घातलेलं पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मग म्हणाले, सिराला सोडून द्यायचं. केफिसला सांग, सिराला मोकळं करायचं. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून नाही म्हणाले, दाराकडे बघून म्हणाले. दारात कुणी नव्हतं."

"हे तू केफिसोदोरला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असता?"

मी विचार केला. तो काय म्हणाला असता ते मला त्याच्या आवाजात ऐकू आलं. "म्हणाला असता, बरं वाटत नाहीये का तुला?"

"तेच." तिने मूठभर जव जात्यात सोडले. "पण चाकावर बोललेलं धरतात ना?"

"धरतात. लिहून घेतात, मडक्यात घालतात, वर मोहर लावतात. न्यायसभेत वाचून दाखवतात."

"कोण लिहिणार?"

"मी."

"मग नीट लिहा."

ती पुन्हा दळू लागली. मी तिथे भीती बघायच्या तयारीने गेलो होतो. भीती होतीच, पीठ जात्याबाहेर सांडत होतं. पण त्या भीतीच्या आत आणखी काहीतरी होतं, ते मला ओळखू यायला वेळ लागला. तिला आशा वाटत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचा शब्द कुणीतरी लिहून घेणार होतं. त्यासाठी काय द्यावं लागेल ते तिने ऐकलं होतं आणि द्यायचं ठरवलं होतं.

मी हे दोघांना जाऊन सांगायला हवं होतं का? मी सांगितलं नाही. स्वतःशी म्हटलं, आपण साक्षीदार, आपण ढवळाढवळ करू नये.

देवळामागच्या आवारात आम्ही मोजून पाच जण होतो: ते दोघे, मी, सिरा आणि नगराचा तो माणूस, जो हे काम करतो. तो स्वतःही गुलामच. त्याने जे ऐकलं ते सांगायला त्यालाही आधी चाकावर चढावं लागलं असतं, म्हणून त्याच्यासमोर कुणीही काहीही बोलतं. बघे भिंतीबाहेर होते. खालच्या अंगाला लोहारांची वस्ती, त्यामुळे घणांच्या आवाजात भिंतीबाहेर काही ऐकू जात नव्हतं.

स्ट्रातोनला शंका आली की त्या माणसाला केफिसोदोरने फितवलं असेल आणि तो हात हलका ठेवील. केफिसोदोरला राग आला. वाद झाला. शेवटी ठरलं की चाक फिरवायच्या दांड्याला दोघांनीही एकेक हात लावायचा. दोघे दांड्याच्या दोन टोकांना उभे राहिले, एकमेकांकडे बघत. समोरचा आता बोलेल, असं दोघांनाही वाटत होतं.

सिराला बांधलं. मी मेणाची पाटी गुडघ्यावर घेतली आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "तुझा धनी नौसियास मरताना काय बोलला?"

तिने लगेच तोंड उघडलं. "म्हणाले, सिराला—"

"थांब," मी म्हणालो. "अजून नाही. अजून धरत नाहीत."

ते माझेच शब्द होते. नियमाप्रमाणे बरोबर होते.

दांडा फिरला. पहिल्या फेऱ्याला ती दोघांची नावं घेऊन ओरडली. दिवेलागणीला पोरांना रस्त्यावरून घरी बोलवायची ना, त्याच चालीत. केफिसोदोर भिंतीकडे बघत होता. स्ट्रातोनच्या ओठांवर घाम आला होता. तरी कुणी बोललं नाही. दुसऱ्या फेऱ्याला तिच्या डाव्या खांद्यातून आवाज आला. तो आवाज कसा होता ते मी सांगणार नाही.

मग ती बोलली. एका दमात, अख्खं वाक्य, एकही शब्द न गाळता: शिरक्याचं पाणी, दोन घोट, सिराला मोकळं करायचं, दोनदा, दाराकडे बघून. मळ्याचं काही नाही. मी लिहिलं. नीट लिहिलं.

केफिसोदोर म्हणाला, "सोडा तिला."

स्ट्रातोन त्याच्याच मागोमाग म्हणाला, "हो, सोडा."

म्हातारा गेल्यापासून दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिला चटईवर निजवलं. ते दोघे आणि मी भिंतीच्या कोपऱ्यात गेलो. स्ट्रातोन म्हणाला, "म्हणजे मळा तुझा."

"मळा माझा," केफिसोदोर म्हणाला, "आणि ती गेल्या हिवाळ्यापासून मोकळी. आणि आज मी एका मोकळ्या बाईला चाकावर चढवलं."

"मीही."

"तूही."

दोघांनी आपापल्या तळहातांकडे बघितलं. मुक्त माणसावर असा हात टाकला तर आमच्याकडे कुणीही उठून खटला भरू शकतो; पोट रिकामं आणि तोंड मोठं असलेले शंभर जण शहरात अशीच वाट बघत बसलेले असतात. तिचं म्हणणं न्यायसभेत टिकलं असतं की नसतं, देव जाणे. पण ते वाचून दाखवायला मडकं उघडलं असतं तर ते दोघे त्याच्याबरोबर उघडे पडले असते.

"काका, तुम्ही लिहिलंत?" केफिसोदोरने विचारलं.

"लिहिलं."

"पुसा."

"अरे, मी दोघांच्या वतीने—"

"काका," स्ट्रातोन म्हणाला, अगदी सभ्यपणे, "प्रश्न कुणी विचारले?"

बस, एवढंच बोलला तो. लेखणीचं चपटं टोक मेणावरून फिरवायला फार वेळ लागत नाही. आधी अक्षरांच्या खोबणी राहतात, मग त्याही भरून येतात. मी पुसेपर्यंत त्यांनी मळा वाटून घेतला होता: उताराच्या वरच्या पायऱ्या स्ट्रातोनच्या, खालच्या केफिसोदोरच्या, विहीर दोघांत. इतक्या महिन्यांत जे जमलं नाही ते उभ्या उभ्या जमलं.

परतताना गाडीत मी सिराजवळ बसलो. तिचा हात फडक्याने छातीशी बांधला होता. खड्डा आला की ती डोळे मिटून घ्यायची. अर्ध्या वाटेत म्हणाली, "लिहिलंत?"

मी म्हणालो, "लिहिलं."

"सगळं?"

"सगळं."

ही दयाच होती, असं मला तेव्हा वाटलं. त्या हाताला आता जात्याचा खुंटा धरवणार नव्हता, तो कायमचा गेला होता. निदान त्याच्या बदल्यात काही मिळालं असं तिला वाटू दे. तिने मान मागे टाकली आणि गाडीच्या हेलकाव्यांबरोबर झाडं मागे जाताना बघत राहिली.

मी एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. ज्याला कळलंय की आपण मोकळे आहोत, तो गप्प बसत नाही. सिरा तीन दिवस अंथरुणावर होती. चौथ्या दिवशी एका हाताने घडा घेऊन ती विहिरीवर गेली आणि बायकांना म्हणाली, "मी आता माझ्यासाठी पाणी भरतेय. लिहिलंय तसं. थियोफॉनला विचारा." बायका हसल्या. घरी जाऊन नवऱ्यांना सांगताना एखादीने हसू आवरलंही असेल. दोन दिवसांत ते केफिसोदोरच्या कानांवर गेलं.

तो माझ्याकडे आला. या वेळी बसला. मी मध दिला, तो त्याने खाल्ला नाही.

"तुम्ही तिला काय सांगितलंत, काका?"

मी सांगितलं.

"आता ती गप्प बसणार नाही," तो म्हणाला. रागाने नव्हे, दमून. "मी तिला समजावलं. मी म्हटलं, दाई, असं बोलू नये. ती म्हणाली, मडकं उघडा."

बऱ्याच वर्षांनी त्याच्या तोंडून मी 'दाई' ऐकलं. पाच दिवसांनी त्याने तिला विकायचं ठरवलं. पायरेअसच्या बंदरात उत्तरेकडे जाणारा एक दलाल होता. म्हाताऱ्या, एका हाताने अधू बाईला वेगळं गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून घरातल्या दोन तरण्या गुलामांबरोबर तिला घालून दिली. व्यवहाराला साक्षीदार लागतोच. केफिसोदोरने मला बोलावलं आणि मी गेलो. नाही म्हटलं असतं तर त्याने कारण विचारलं असतं, आणि ते कारण त्याला, स्ट्रातोनला आणि मला, तिघांनाही माहीत होतं.

धक्क्यावर वारा होता. खारवलेल्या माशांची पिंपं चढवत होते. सिरा त्या दोघांच्या मागे उभी होती, बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरून. दलालाने तरण्यांचे दात बघितले, पाठी बघितल्या. मग तिच्याकडे आला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मला नेता येणार नाही तुम्हाला. मी मोकळी आहे."

दलालाला असलं रोजचं ऐकायची सवय असावी. तरी तो थांबला. अशा गोष्टीतून पुढे कटकट निघते, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने केफिसोदोरकडे बघितलं. केफिसोदोर समुद्राकडे बघत होता.

"यांना विचारा," सिरा म्हणाली आणि चांगला हात माझ्याकडे केला. "यांनी लिहून घेतलंय."

दलाल माझ्याकडे वळला. "काय म्हणतेय ही?"

ती माझ्याकडे बघत होती. गाडीत बघितलं होतं तसंच, नुसता विश्वास.

"म्हातारी आहे," मी म्हणालो. "बडबडते."